वहीसकट गाडी

गेल्या अंकात आम्ही परसातल्या कारल्याच्या वेलाबद्दल लिहिलं होतं. त्यावर दोघा वाचकांनी बी मागवलं, आणि एका वाचकभगिनीनं विचारलं की निवृत्त माणसाला ह्याहून काही बरा उद्योग सुचत नाही का? सुचला आहे. २०२४च्या गणेशोत्सवाला शाळेच्या आवारात टोयोटा-होंडांच्या रांगेत जी एक बुटकी, लाल, दोनच सीटांची आणि टप उघडलेली गाडी उभी होती, ती आमची.

आरती संपली आणि प्रसाद मिळायच्या आत निम्मं मंडळ तिच्याभोवती गोळा झालं. पोरांनी आत बसून घेतलं, तरुण मंडळींनी फोटो काढले. मग मंडळाचे माजी खजिनदार पुढे आले. ह्या गृहस्थांनी बारा वर्षं मंडळाचे हिशेब सांभाळले आहेत, आणि अजूनही बटाटेवड्याची किंमत ऐकली की ते मनातल्या मनात भागाकार करतात. त्यांनी आत डोकावून विचारलं, "किती मैल झालेत हो?"

"घेतली तेव्हा एक लाख बासष्ट हजार."

घरातलं कुणी हॉस्पिटलात असल्याचं सांगितलं तर माणसाचा चेहरा होतो, तसा त्यांचा झाला. "आणि साल?"

"शहाण्णव."

त्यांनी आमच्या खांद्यावर हात ठेवला. "आधी विचारायचं तरी होतंत."

त्यांचं चुकलं असं आम्ही म्हणणार नाही. जुनी गाडी घेण्याचं जे शास्त्र आपल्या पिढीनं ह्या देशात पाठ केलं, त्यात आम्हीही पारंगत होतो. गाडी जपानी हवी, दारं चार हवीत, मालक एकच झालेला हवा आणि मैल साठ हजारांच्या आत हवेत. १९८१ साली आम्ही आलो तेव्हा एका विद्यार्थ्याकडून सातशे डॉलरला जी गाडी घेतली होती, तिच्यात पावसात पायाखाली पाणी यायचं आणि डावीकडे वळताना शेजारच्यानं दार धरून बसायला लागायचं. सौ.नं अमेरिकेतला पहिला हिवाळा ते दार धरून काढला. त्यानंतर चाळीस वर्षं आम्ही नव्या येणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगत आलो, "बाबा रे, मैल बघ, मैल." हा उपदेश अर्धवट होता, हे कळायला सत्तरी यावी लागली आणि पाचशे डॉलर अक्कलखाती जमा करावे लागले.

पण आधी गाडीविषयी. माझदा कंपनीची ही मियाटा. १९८९च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांपुढे आली. त्या आधी असल्या छोट्या, उघड्या, दोन सीटांच्या गाड्या म्हणजे इंग्रजांची मक्तेदारी. दिसायला देखण्या, पण तेल गळणार आणि पावसात रुसणार. हिरोशिमाच्या मंडळींनी तोच साचा घेतला आणि रोज सकाळी न कुरकुरता सुरू होणारी गाडी केली. वजन जेमतेम एक टन, इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना आणि हातानं टाकायचे पाच गिअर. किंमत तेरा हजार आठशे डॉलर. १९९० साली आम्ही मिनीव्हॅन बघायला शोरूममध्ये गेलो होतो, तेव्हा कोपऱ्यात ती उभी होती. हेडलाइट झाकलेले, बटण दाबलं की बेडकाच्या डोळ्यांसारखे वर यायचे. आमची कन्या तेव्हा सहा वर्षांची आणि चिरंजीव तीन. दोन सीटांत चार माणसं कशी बसवणार? आम्ही मिनीव्हॅन घेतली. तिनं पुढे सॉकर, भरतनाट्यम आणि मराठी शाळा इमानानं केली, त्याबद्दल तक्रार नाही.

आता मुलं आपापल्या गावी. घरात माणसं दोन. सौ.ला म्हटलं, "आता सीटा पुरतात." ती म्हणाली, "सीटा पुरतील हो. त्यांत बसून परत उठता येणार आहे का?"

२०२२च्या वसंतात समुद्रकाठच्या एका गावी आम्हांला एक काळी मियाटा सापडली. मैल फक्त अठ्ठेचाळीस हजार! चकचकीत रंग, नवं टप, आत लिंबाचा वास. विकणारा तरुण गोड बोलणारा होता. आणखी दोन गिऱ्हाइकं संध्याकाळी यायची आहेत म्हणाला. आम्ही आमचं चाळीस वर्षांचं शास्त्र स्मरलं, आकडा पाहिला आणि तिथल्या तिथे पाचशे डॉलर इसार दिला. पावतीसुद्धा मागितली नाही. माजी खजिनदारांनी हे वाचू नये.

नशीब एवढंच, की सौ.नं अट घातली होती: मेकॅनिकला दाखवल्याशिवाय उरलेले पैसे द्यायचे नाहीत. मेकॅनिकनं गाडी लिफ्टवर चढवली, दाराखालचा जो लांब पत्रा असतो तो मागच्या चाकापाशी नुसता ठोकला आणि स्क्रूड्रायव्हर टेकवला. बाकरवडीत बोट जावं तसा स्क्रूड्रायव्हर आत गेला. वरून पुट्टी आणि रंग, आत नुसता गंज.

ह्या गाडीचं एक दुखणं आहे, ते घेणाऱ्यानं लक्षात ठेवावं. कापडी टपावरचं पावसाचं पाणी सीटांच्या मागे दोन भोकांतून खाली निघून जातं. त्या भोकांत पानं आणि कचरा अडकला, की पाणी आत तुंबतं आणि पत्रा आतून खायला लागतं. बाहेरून काही दिसत नाही. गाडी वापरात असली, कुणी हात फिरवणारा असला, तर महिन्या-दोन महिन्यांनी ती भोकं साफ होतात. ही बिचारी वर्षानुवर्षं झाडाखाली उभी होती. म्हणूनच मैल कमी होते! टायमिंग बेल्टही मूळचाच निघाला. हा रबरी पट्टा साठ हजार मैलांना बदलायचा असतो, पण रबर मैल मोजत नाही, त्याला वय असतं. मियाटाच्या ह्या इंजिनात पट्टा तुटला तरी पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आपटत नाहीत. गाडी रस्त्यात बंद पडते, इंजिन वाचतं. पुष्कळ गाड्यांत इंजिनच जातं. गंजाचं तसं नाही. दाराखालचा तो पत्रा म्हणजे गाडीचा कणा. ट्रकच्या धक्क्यात तो टिकला नसता, आणि त्या बाजूच्या सीटवर पुन्हा सौ.च बसणार होती.

पाचशे डॉलर परत आले नाहीत. डीलरला निदान खिडकीवर 'बायर्स गाइड' नावाचा कागद लावावा लागतो आणि गाडी हमीची की 'जशी आहे तशी' हे त्यावर सांगावं लागतं. घरगुती विक्रीला तेवढंही बंधन नाही. आणि आणखी एक गोष्ट आम्हांला तेव्हाच कळली. इतक्या जुन्या गाडीची मालकी बदलताना मैलांचा आकडा खरा असल्याचं लिहून द्यावं लागत नाही. २०११ आणि त्यानंतरच्या मॉडेलांना वीस वर्षं लिहून द्यावं लागतं. त्या आधीच्या गाड्या ह्या नियमातून केव्हाच सुटल्या आहेत. म्हणजे ज्या आकड्यावर आमचा एवढा भरवसा, त्या आकड्याला कुणी जामीनच नाही.

ह्याच सुमाराला चिरंजिवांनी आम्हांला लाँग आयलंडच्या त्या शिक्षकाची गोष्ट सांगितली. अर्व्ह गॉर्डन नावाच्या ह्या विज्ञानशिक्षकानं १९६६ साली एक लाल व्होल्व्हो पी-१८०० घेतली, तीही स्पोर्ट्स कारच. २०१३ साली अलास्कात त्याच गाडीचे तीस लाख मैल पूर्ण झाले, आणि त्याची गिनीज बुकात नोंद आहे. गॉर्डन २०१८ साली वारले. गुपित काय, तर कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय ते वेळेवर करायचं. तेल वेळेवर, पट्टे वेळेवर, बारीक आवाज आला की लगेच बघायचं. तीस लाखांपुढे एक लाख बासष्ट हजार म्हणजे बारसंसुद्धा नाही.

२०२३च्या मे महिन्यात आम्ही पेनसिल्व्हेनियात एका खेड्यावजा गावात जाऊन पोचलो. मालक त्र्याऐंशी वर्षांचे, हायस्कुलात सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले. गाडी त्यांनीच १९९६ साली नवी घेतलेली. आम्ही फोनवर एकच विनंती केली होती, की येण्याआधी इंजिन सुरू करू नका. गरम इंजिन पुष्कळ गोष्टी लपवतं. तर आजोबा म्हणाले, "मला सुरू करायची परवानगीच नाही. डोळ्यांनी दगा दिलाय. मधलं काही दिसत नाही, कडेचं दिसतं."

गाडी दिसायला यथातथाच. लाल रंग उन्हानं कोकम सरबतासारखा झालेला, ड्रायव्हरची सीट उसवलेली, एक हेडलाइट दुसऱ्याच्या मागून आळस देत वर येणारा. ह्या वेळी मात्र आम्ही तयारीनं गेलो होतो. खिशात फ्रिजवरचा गणपतीचा मॅग्नेट होता, रुमालात गुंडाळून. पत्र्यावर फिरवायचा, जिथे चिकटणार नाही तिथे पुट्टी. दारं झाली, दाराखालचे पत्रे झाले, बाप्पा सगळीकडे घट्ट बसले. पुढच्या बॉनेटवर ठेवले तर घसरून खाली! आम्ही विजयी मुद्रेनं आजोबांकडे पाहिलं. ते हसून म्हणाले, "ते ॲल्युमिनियमचं आहे. कारखान्यातूनच." सौ.नं बाप्पांना उचलून पर्समध्ये ठेवलं आणि म्हणाली, "आता त्यांना त्रास देऊ नका."

गालिचा कोरडा. डिकीत बॅटरीखालचा पत्रा स्वच्छ. (ह्या गाडीची बॅटरी डिकीत असते. कुणी स्वस्तातली भलती बसवली तर आम्लाच्या वाफेनं तिथला पत्रा सडतो.) इंजिन सुरू झालं तेव्हा निळा धूर नाही, पण मिनिटभर शिवणयंत्रासारखी टिकटिक. हे व्हॉल्व्ह लिफ्टर. ह्या गाड्यांना ही खोड असते, तेल वर चढलं की थांबते. थांबली.

मग आजोबांनी बुटांचा एक खोका आणि एक जाड वही आणून बॉनेटवर ठेवली. खोक्यात पावत्या. वहीत सत्तावीस वर्षांच्या नोंदी: तारीख, मैल, किती गॅलन, काय बदललं. सत्तावन्न हजार नऊशेला टायमिंग बेल्ट आणि पाण्याचा पंप. एक लाख सोळा हजार चारशेला पुन्हा दोन्ही. एक लाख एकतीस हजारांना क्लच. क्लचचा स्लेव्ह सिलिंडर तीनदा, टप दोनदा. पेनसिल्व्हेनियात दर वर्षी गाडीची तपासणी करावी लागते. त्या पावत्यांवर मैल होते, ते वहीशी जुळत होते. वहीत दोन हस्ताक्षरं होती. एक पहिल्या पानापासूनचं, दुसरं थोडं तिरपं, गोलसर, पेट्रोलच्या नोंदींपुढे 'सफरचंदं घेतली', 'पाऊस, तरी टप उघडं' असं काहीबाही लिहिणारं. ते २०१६च्या ऑक्टोबरनंतर दिसत नाही. आम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

आम्हांला त्या वहीपुढे जरा वेळ काही बोलता आलं नाही. आमच्या वडिलांनी, भाऊंनी, बजाजच्या स्कूटरसाठी नाव नोंदवून सात वर्षं वाट पाहिली होती. १९७३ साली ती आली, त्या दिवसापासून त्यांनी दोनशे पानी वही घातली. लिटर, किलोमीटर, प्लग साफ केला, केबल बदलली. आम्ही पोरं त्या वहीला हसायचो. २००४ साली पुण्याचा वाडा पाडून फ्लॅट व्हायचे होते, तेव्हा धाकट्या भावानं फोन करून विचारलं होतं, "अरे दादा, भाऊंच्या स्कूटरच्या वह्या आहेत, चार. ठेवू का?" आम्ही ऑफिसात होतो, मीटिंगला उशीर होत होता. "टाक रद्दीत," असं आम्हीच म्हणालो.

गाडी गावातल्याच एका मेकॅनिककडे नेली. दोनशे डॉलर घेतले त्यानं, पण दोन तास बघितलं. चारही सिलिंडरांचा दाब जवळजवळ सारखा. रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी तपकिरी पडलेली, म्हणजे आता तडकणार. टायरांना भरपूर नक्षी शिल्लक, पण कडेचे चार आकडे १५१३, म्हणजे २०१३च्या पंधराव्या आठवड्यातले. दहा वर्षांचे टायर दिसायला कितीही बरे असोत, त्यांच्यावर हायवेला जाऊ नये. आजोबांनी साडेसहा हजार सांगितले होते. मेकॅनिकची यादी आम्ही वाचून दाखवली. त्यांनी ऐकली आणि स्वतःहून सातशे कमी केले. घासाघीस करायची आमची सगळी पूर्वतयारी वाया गेली.

पैसे देण्याआधी एक फेरी मारायची होती. सौ. म्हणाली, "तुम्ही दोघं जाऊन या." आजोबा शेजारी बसले, डोळे मिटून. आम्ही हातानं गिअर टाकायला शिकलो ते काकांच्या फिॲटवर; मधे पस्तीस वर्षं ऑटोमॅटिक. पहिल्या चढावर आजोबा म्हणाले, "आता तिसरा." टाकला. वळणानंतर म्हणाले, "थंड असताना दुसऱ्याची घाई करू नका, जरा थांबून आत जातो." पुलावर आवाज बदलला, तसे ते म्हणाले, "हा पूल आला. इथून परत फिरायचं." सबंध फेरीत त्यांनी डोळे उघडले नाहीत. घर आल्यावर उघडले.

वहीत शेवटची नोंद त्यांना करायची होती, पण रेघ दिसेना. म्हणाले, तुम्हीच लिहा. आम्ही तारीख लिहिली, १,६२,३४० लिहिलं आणि त्यांनी सांगितल्याप्रमाणे पुढे लिहिलं, 'दिली.' वही ठेवून घ्या, असं आम्ही दोनदा म्हटलं. ते म्हणाले, "वही गाडीची आहे."

आता खर्च विचाराल, तर लपवत नाही. न्यू जर्सीचा सेल्स टॅक्स, चार टायर, रेडिएटर, होसपाइप आणि सीट शिवून घेणं धरून पहिल्या वर्षी गाडीशिवाय सुमारे दोन हजार डॉलर गेले. काटकसर म्हणून ही गाडी कुणी घेऊ नये. जुन्या गाडीत दोन एअरबॅग आहेत, हल्लीचं बाकी काही नाही. टर्नपाइकवर ट्रकांच्या मधे आम्ही ती नेत नाही. नोव्हेंबर ते मार्च, रस्त्यावर मीठ असेतोवर, ती गॅरेजमध्ये आणि कॅमरी बाहेर बर्फात. कॅमरीबद्दल आम्हांला वाईट वाटतं.

आणि बसण्या-उठण्याबद्दल सौ.ची शंका रास्त होती. बसताना घरंगळायचं, उठताना दाराला धरायचं. पण गंमत अशी, की आमच्यापेक्षा तीच जास्त चालवते. नाशकात मामांच्या ॲम्बॅसॅडरवर शिकलेली बाई, स्टिअरिंगवरचे गिअर टाकलेली. पहिल्या दिवशी क्लच सोडला तो झटका न देता. आम्ही तीनदा बंद पाडली होती. आता दर शनिवारी ती इंडियन ग्रोसरीला टप उघडून जाते, शेजारच्या सीटवर तांदळाची पिशवी बेल्ट लावून बसवते, आणि वहीत नोंद करते. परवा पाहिलं तर १४ जूनपुढे लिहिलं होतं: 'साडेसात गॅलन. आंबे महाग.'

दर दोन-तीन महिन्यांनी आजोबांचा फोन येतो. प्रकृतीची विचारपूस होते, मग म्हणतात, "जरा सुरू करा बघू." आम्ही गॅरेजमध्ये जातो, किल्ली फिरवतो आणि फोन बॉनेटजवळ धरतो. मागच्या वेळी त्यांनी बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "टिकटिक थांबायला फार वेळ लागतोय. तेल कधी बदललंत?" वहीत पाहिलं. आम्ही दोघांनीही एकमेकांवर सोडलं होतं; चार हजार तीनशे मैल होऊन गेले होते.

त्याच दुपारी बदललं. १,६८,९१२. फिल्टरही.